सतरा नंबरची रायफल

फौजेत नेम चुकलेल्या माणसाची कारणे ठरलेली असतात. वारा सुटला होता. ऊन डोळ्यांवर येत होते. राउंड जुने होते. आणि सगळ्यांचे लाडके कारण म्हणजे, "रायफलच वाकडी आहे, उस्ताद." बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी मराठीत, हिंदीत, पंजाबीत आणि एकदा तर चक्क मल्याळममध्येही ऐकले. भाषा कळली नाही, पण रायफलीकडे केलेला हात कळला.

गंमत अशी की कधी कधी ते कारण खरेही असते. मग प्रश्न येतो की रायफल खरोखरच साधी, जुनी, स्वस्तातली असेल आणि बदलून मिळणार नसेल तर करायचे काय? आजचा लेख त्याबद्दल आहे. बंदुकीत रस नसलेल्यांनीही वाचावा, कारण यातली निम्मी गोष्ट बंदुकीची नाहीच.

माझी तेव्हा पलटणीतून एनसीसीवर पोस्टिंग झाली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एनसीसीच्या प्रत्येक बटालियनमध्ये फौजेतले काही हवालदार आणि जेसीओ शिकवायला असतात, त्यांना पीआय स्टाफ म्हणतात. मला मिळाले उत्तराखंडातले कुमाऊँ. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला डोंगर नवे नाहीत, पण तिथले डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे माथ्यावर सपाट नसतात. चढण संपली असे वाटते तिथे पुढची सुरू होते. देवदार, चीड, वसंतात लाल फुललेला बुरांश, आणि आकाश मोकळे असेल तर समोर त्रिशूळ आणि नंदादेवी. जेवायला मडुव्याची रोटी आणि भट्टाची डाळ. मडुवा म्हणजे आपली नाचणी. पहिल्याच आठवड्यात ती रोटी खाल्ली आणि बायकोला फोन करून सांगितले, "इथे उपाशी मरत नाही मी, काळजी करू नकोस."

सप्टेंबर 2018 मध्ये राणीखेतजवळ चौबटियाला भारत आणि अमेरिका यांच्या फौजांचा "युद्ध अभ्यास" हा संयुक्त सराव झाला. चौबटिया सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. मी सरावातल्या तुकडीत नव्हतो. रेंजच्या कामाला आसपासच्या युनिटांतून माणसे मागवली, त्यात माझा नंबर लागला. काम साधे पण डोकेदुखीचे: किती राउंड दिले, किती फायर झाले, किती परत आले आणि किती खाली खोके जमा झाले याचा हिशेब ठेवायचा.

खाली खोका म्हणजे गोळी सुटल्यावर रायफलीतून बाहेर पडते ती रिकामी पितळी केस. आपल्याकडे तिला राउंडाइतकाच मान आहे. फायरिंग संपले की गवतात वाकून वाकून शेवटचा खोका सापडेपर्यंत कोणी जागचे हलत नाही. मग रांगेत उभे राहून प्रत्येक जण सांगतो की माझ्याकडे एकही राउंड किंवा खाली खोका नाही. पावसाळ्यानंतर माजलेल्या गवतात एक खोका हरवला म्हणून अख्खी कंपनी दीड तास गुडघ्यांवर शोधत बसलेली मी पाहिली आहे.

असाच मी त्या दिवशी खोके मोजत बसलो होतो. एक अमेरिकन सार्जंट शेजारी येऊन उकिडवा बसला आणि न सांगता मोजू लागला. वयाने माझ्याएवढाच. मोंटाना राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. माझी इंग्रजी कामापुरती, त्याची हिंदी "नमस्ते" आणि "चाय" एवढीच, पण हत्याराच्या माणसाला हत्याराच्या माणसाशी बोलायला फार शब्द लागत नाहीत. एक खोका बोटांत फिरवत तो म्हणाला, "हे तुम्ही जमा करता. घरी मी हेच परत भरतो."

मला वाटले माझ्या ऐकण्यात काही चुकले. नाही, तो खरेच बोलत होता. त्याच्या देशात हरणाच्या शिकारीचे शौकीन आणि निशाणेबाज स्वतःचे राउंड घरी तयार करतात. कायद्याला ते चालते, त्याचे सामान दुकानात मिळते, त्यावर जाडजूड पुस्तके निघतात. त्याच्या गॅरेजमध्ये एक टेबल होते आणि टेबलाला रसाच्या यंत्रासारखा दांडा असलेला एक प्रेस ठोकलेला होता. त्याने फोनवर फोटो दाखवला. मागे मुलाची सायकल दिसत होती.

रायफल कोणती, विचारले. तर दुकानात मिळणाऱ्यांपैकी सगळ्यांत स्वस्त रांगेतली. बोल्ट अॅक्शन, प्लास्टिकचा कुंदा, काही नक्षी नाही, काही लाकूडकाम नाही. राउंड आकाराने आपल्या जुन्या एसएलआरच्या 7.62 सारखाच. "माझा फोन हिच्यापेक्षा महाग आहे," असे म्हणून त्याने तोच फोन पुढे केला. त्यात एका टार्गेटचा फोटो होता. 100 यार्डांवरून पाच गोळ्या, आणि पाचही साधारण एका इंचात.

इथे थोडे गणित सांगतो. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट होतो. 100 यार्डांवर हा एक मिनिट जवळजवळ एक इंच भरतो. म्हणून एका इंचाच्या ग्रुपला निशाणेबाज "एक मिनिटाची रायफल" म्हणतात. साध्या रायफलीतून तसा ग्रुप तीन गोळ्यांचा कधी तरी निघतो. तीन गोळ्या नशिबाने जवळ पडू शकतात. पाचांचा निघाला तर लक्ष द्यावे. पुन्हा पुन्हा पाचांचा निघाला तर माणसाला आणि रायफलीला सलाम करावा. त्याने मला एकाच आठवड्यात काढलेली अशी चार टार्गेटे दाखवली.

मग पुढचे तीन दिवस चहाच्या वेळी आमची शाळा भरली. त्याने सांगितलेले मी माझ्या शब्दांत देतो.

राउंडाचे भाग चार. पितळी केस, तिच्या बुडाला टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. कारखान्यातला राउंड जगातल्या त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत चालला पाहिजे, म्हणून तो थोडा सैलसर मापाचा असतो. पण केस एकदा एका रायफलीत फायर झाली की दाबाने फुगून त्या रायफलीच्या चेंबरचा साचा घेते. शिंप्याने अंगावर मापे घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी. तो आपल्याच रायफलीत उडालेल्या, एकाच कंपनीच्या केसा जमवायचा. त्यांची फक्त मान आवळायचा, म्हणजे नवी गोळी घट्ट बसेल. बाकी अंग तसेच ठेवायचा. लांबी वाढलेली असेल तर सगळ्यांची एकसारखी कापायचा. दारू तराजूवर तोलायचा, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत. 7000 ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे हा हिशेब सहा-साडेसहा मिलिग्रॅमचा झाला. 

"आणि मग तू दारू वाढवून राउंड जोरकस करतोस?" मी विचारले.

तो हसला. म्हणाला, नवशिके हाच विचार करतात आणि त्यातले काही जण बोटे गमावतात. तो छापील पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करायचा, एक एक पायरी चढायचा, प्रत्येक पायरीला पाच राउंड आणि वेगळे टार्गेट. पुस्तकाच्या वरच्या आकड्यापलीकडे कधीच नाही, आणि मित्राने सांगितलेला आकडा तर मुळीच नाही. त्याच्या रायफलीला जो राउंड आवडला तो सगळ्यांत जोरकस नव्हता, मधलाच कुठलातरी होता. प्रत्येक नळीचे असे एक ठिकाण असते. गोळी सुटताना नळी कंप पावते आणि काही वेगांना तो कंप नेमका सोयीचा पडतो, असे त्याचे म्हणणे. ते ठिकाण सापडले की गोळी केसीत किती आत बसवायची हे बदलून बघायचे. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

मग त्याने असे काही सांगितले जे माझ्या डोक्यात रुतून बसले. म्हणाला, "माझा राउंड कारखान्याच्या राउंडपेक्षा चांगला आहे असे नाही. तो फक्त आधीच्या माझ्याच राउंडसारखा आहे."

आणि राउंडांच्या आधी त्याने रायफल नीट केली होती. प्लास्टिकचा कुंदा मऊ. हात टेकला की वाकायचा आणि एका बाजूने नळीला टेकायचा. हे कसे ओळखले? एक डॉलरची नोट घेतली, नळी आणि कुंदा यांच्यामध्ये सरकवली आणि पुढून मागे ओढली. एका जागी अडकली. तिथे पॉलिश पेपरने घासले. कुंद्याचे दोन स्क्रू दर वेळी मोजून एकाच ताकदीने आवळले. तीन इंचांचा ग्रुप एवढ्यानेच दोनाच्या आत आला. उरलेला एक इंच त्याने गॅरेजमधल्या टेबलावर दोन वर्षे बसून कमावला.

आता आपल्या कायद्याचे स्पष्ट सांगून ठेवतो, नाहीतर एखादा हौशी वाचक गॅरेज शोधायला लागायचा. आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 चा आहे आणि त्यात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. ते कौतुक त्यांच्या देशात ठेवावे आणि त्यातले शहाणपण तेवढे घ्यावे.

शहाणपण मात्र मला ओळखीचे वाटले. माझे मामा पुण्याला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तो कारखाना 1869 चा. तिथले राउंड बुडाच्या "के एफ" या अक्षरांवरून ओळखता येतात. मामा तपासणीच्या विभागात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की जेवताना ते मामीला म्हणायचे, "आजची लॉट चांगली आहे." म्हणजे भाकऱ्या. मामी चिडायची. पण मामांचे म्हणणे असे की एका दिवशी, एका पिठाच्या, एका तव्यावरच्या भाकऱ्या एकसारख्या होतात; दुसऱ्या दिवशी पीठ जरा जाड आले, पाणी जरा जास्त पडले की चव बदलते. भाकरी तीही चांगलीच, पण वेगळी. राउंडांचेही तसेच. म्हणून प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. चौबटियाच्या त्या चहाच्या टपरीवर मोंटानाचा सार्जंट बोलत होता आणि मला खडकीच्या क्वार्टरमधली मामीची परात दिसत होती.

सराव संपला, ते लोक गेले, मी माझ्या बटालियनला परत आलो.

आमच्या कोतमध्ये .22 च्या बोल्ट अॅक्शन रायफली होत्या. शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना फायरिंग शिकवायला त्याच वापरतात. अंतर 25 यार्ड. प्रत्येक रायफलीच्या कुंद्यावर बट नंबर असतो. त्यातली सतरा नंबरची बदनाम होती. जुनी, कुंद्याचा रंग उडालेला, आणि तिच्यातून फायर करणाऱ्या कॅडेटचा ग्रुप तळहाताएवढा पसरायचा. कॅडेट रांगेत उभे राहताना मोजत राहायचे की सतरा आपल्याला येते की शेजारच्याला.

ती यायची बहुतेक वेळा एकाच मुलीला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, रस्त्यापासून चार किलोमीटर वर असलेल्या गावातली. उशिरा पोचायची, कारण पहिली जीप भरल्याशिवाय निघत नसे, आणि उशिरा येणाऱ्याला उरलेली रायफल. वडील नव्हते, आई गाई आणि शेत बघायची. 2019 मध्ये लष्कराने मिलिटरी पोलिसमध्ये महिला शिपायांची पहिली भरती काढली होती आणि या पोरीच्या डोक्यात तेच होते. एनसीसीचे सी सर्टिफिकेट, जमल्यास दिल्लीच्या थल सैनिक कॅम्पपर्यंतची मजल, म्हणजे कागदावर काहीतरी वजन येईल. घरी तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. आईने तिला एक वर्ष दिले होते. हे तिने मला सांगितले नाही, तिच्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या मुलीने सांगितले.

फायरिंगच्या संघात घेण्यासाठी चाचणी होती आणि तिचा ग्रुप बसत नव्हता. एक दिवस ती धीर करून म्हणाली, "उस्ताद, राइफल बदल दीजिए."

मी म्हटले, बदलून देईन. पण आधी बघू या दोष कोणाचा आहे.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबर रेतीच्या पोत्यांवर ठेवली, स्वतः झोपलो आणि पाच राउंड मारले. असे केले की माणसाचा थरथराट जवळजवळ निघून जातो आणि रायफलीचे खरे रूप दिसते. ग्रुप वाईट होता. माझ्या हातूनही आणि पोत्यांवरूनही तीन इंचांच्या आसपास. म्हणजे पोरगी खोटे बोलत नव्हती. तिच्यासमोरच टार्गेट मोजले आणि म्हटले, "तू बरोबर होतीस." तिचा चेहरा असा खुलला की जणू सुवर्णपदक मिळाले.

आर्मररला बोलावले. रायफलीत हात घालायचा अधिकार त्याचा, आपला नाही. त्याने कुंद्याचे स्क्रू बघितले. एक अर्धा फेरा सैल होता. प्रत्येक राउंडाला नळीचा संच लाकडात केसभर सरकत होता आणि दर वेळी वेगळ्या जागी बसत होता. साइटचाही एक स्क्रू हलत होता. नळीच्या तोंडापासून आतपर्यंत शिशाचा मळ बसला होता. त्याने चिंद्यांवर चिंद्या ओढल्या, पहिल्या काळ्या, मग करड्या, मग पांढऱ्या. मी खिशातून दहाची नोट काढली आणि डॉलरचा प्रयोग केला. आर्मरर बघतच राहिला. आमची नोट कुठे अडकली नाही, लाकडी कुंदा तेवढा सरळ निघाला.

पुन्हा पोत्यांवर ठेवून पाच राउंड मारले. पहिला बाजूला गेला, उरलेले चार एकमेकांना चिकटून. आणखी पाच मारले, तर पाचही पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. तेव्हाचे पाचाचे नाणे 23 मिलिमीटरचे. 25 यार्डांवर हे काही ऑलिंपिकचे काम नाही, पण बदनाम रायफलीसाठी पुष्कळ. आणि पहिला राउंड बाजूला का गेला? नळीत तेलाचा हात राहिला होता. तेलकट, थंड नळीतून पहिली गोळी वेगळी जाते. त्यानंतर नियम केला: फायरिंगआधी कोरड्या चिंदीने नळी पुसायची आणि पहिला राउंड हिशेबात धरायचा नाही.

आता राउंडांचा प्रश्न. .22 चा राउंड परत भरताच येत नाही, कायद्याची गोष्ट सोडा. त्याची टोपी वेगळी नसते; पेटणारा मसाला केसीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेला ठेचते. एकदा ठेचली की संपले. मोठमोठे निशाणेबाजही .22 चे राउंड घरी बनवत नाहीत. ते वेगवेगळ्या लॉट आपल्या रायफलीतून मारून बघतात आणि आवडलेल्या लॉटची मोठी खरेदी करून ठेवतात. आम्हाला खरेदी कुठली? जे आले ते. पण स्टोअरमध्ये दोन लॉटच्या पेट्या होत्या आणि त्या सरमिसळ वाटल्या जात होत्या. दोन्ही मारून बघितल्या. दोन्ही ठीक, पण एकीच्या गोळ्या दुसरीपेक्षा थोड्या खाली पडत होत्या. एकाच पाचांत दोन्ही मिसळल्या की ग्रुप आपोआप उभा ताणला जाणार. सुभेदार साहेबांना टार्गेटे दाखवली. ते म्हणाले, "संघाला एकच लॉट दे, बाकी क्लासला दुसरी." एका वाक्यात काम झाले. फायदा एका मुलीचा नाही, सगळ्या संघाचा झाला.

रायफल झाली, राउंड झाले. उरली ती माणसाची बाजू.

फौजी हिंदीत नेम धरायला "शिस्त लेना" म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतही "शिस्त धरणे" म्हणजे नेम धरणेच. आज आपण शिस्त म्हटले की शाळेची घंटा आणि इस्त्रीचे कपडे आठवतो. पण मूळ शब्दात डोळा, साइट आणि टार्गेट एका रेषेत आणून ती रेषा न हलू देणे आहे. हे मी त्या कॅडेटला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावले.

राउंड मोजके मिळायचे. म्हणून तिने जास्त सराव कोरडा केला. .22 ची रायफल नुसती रिकामी चालवली तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून नुकसान होऊ शकते, म्हणून चेंबरमध्ये खाली खोका घालायचा. पाच खोके रजिस्टरला सही करून घ्यायचो आणि संध्याकाळी मोजून परत करायचो. नळीवर पुढच्या साइटमागे एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि ट्रिगर असा दाबायचा की नाणे पडू नये. पहिल्या दिवशी वीस वेळा पडले. दहाव्या दिवशी वीसपैकी दोनदा.

मोंटानाची वही तिला करायला लावली. तारीख, लॉट, थंडी किती, पोट भरलेले की रिकामे, आणि प्रत्येक राउंडानंतर मार्करने दाखवण्याआधी स्वतः लिहायचे की गोळी कुठे गेली असेल. सुरुवातीला तिचा अंदाज आणि छिद्र यांचा मेळच बसेना. महिन्याभराने बसू लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम इथेही होता. एक आठवडा फक्त डावे कोपर. दुसरा आठवडा फक्त श्वास: अर्धा सोडून थांबायचे, पाच-सहा सेकंदांत राउंड गेला नाही तर बोट काढून पुन्हा श्वास घ्यायचा. तिसरा आठवडा डोळे मिटून पोझिशन घ्यायची आणि उघडल्यावर साइट टार्गेटवर नसेल तर हाताने ओढायची नाही, पोटापासून सगळे अंग सरकवायचे. हाताने ओढलेली रायफल ट्रिगरच्या क्षणी आपल्या जागी परत जाते.

वहीतून एक गोष्ट निघाली जी मला उभ्या उभ्या कधीच दिसली नसती. तिचे वाईट ग्रुप सगळे सकाळचे होते, आणि त्या दिवशी "पोट" या रकान्यात "खाली" लिहिलेले होते. चार किलोमीटर उतरून, जीपमध्ये उभी राहून, चहाही न घेता येत होती. मग मेसमधून तिच्यासाठी आणि लांबून येणाऱ्या आणखी तिघींसाठी दोन रोट्या आणि गूळ ठेवायला सांगितले. पोत्यांवरच्या रायफलीने जो ग्रुप दिला होता, त्याच्या जवळ ती पोचली ती या रोट्यांनंतर.

चाचणीला ती संघात आली, रायफल सतराच. इतर रायफली आता कोणी सोडत नव्हते म्हणून नव्हे, तिनेच मागितली. पुढे वरच्या पातळीच्या निवडीला मैदानी भागात गेलो. तिथे मुलींमधून फायरिंगच्या दोन जागा होत्या आणि ती तिसरी आली. चांगले मारले होते. पुढच्या दोघींनी तिच्याहून चांगले मारले, एवढेच. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि काठगोदामपासून घाट सुरू झाला तरी बोलली नाही. मग वही काढली आणि त्या दिवसाचे पान भरले. पोट: भरलेले. थंडी: नाही. पाचवा राउंड: घाई.

मिलिटरी पोलिसच्या भरतीतही तिचे नाव मेरिटमध्ये लागले नाही. शंभर जागा आणि देशभरातून मुली. माझी पोस्टिंग संपली, मी पलटणीत गेलो, आणि नंतर करोना आला.

मधली दोन वर्षे मला काही कळले नाही. मग एक दिवस अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ती राज्य पोलिसात शिपाई म्हणून लागली होती, ट्रेनिंगमध्ये होती. आईने वाढवून दिलेल्या वर्षाचे काय झाले, लग्नाचे काय झाले, ते तिने लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. फायरिंगच्या दिवशी तिला जुनी रायफल मिळाली होती. शेजारच्या मुली बदलून मागत होत्या. तिने उस्तादांची परवानगी घेऊन आधी रेस्टवरून पाच राउंड मारून बघितले होते.

मेसेजची शेवटची ओळ अशी होती: "राइफल ठीक थी, उस्ताद. फिर मैंने पेट वाला खाना देखा."